एकच उडी, दोन खेळ

जुन्या कन्सोलवरील व्हिडिओ गेमचे मूल्यमापन बहुधा दोनपैकी एका वाटेने जाते. एका वाटेवर बालपणीच्या आठवणी असतात आणि त्या खेळाचे सर्व दोष पोटात घालतात. दुसऱ्या वाटेवर आजच्या खेळांची सवय झालेली नजर असते आणि तिला चौकोनी ठिपक्यांची चित्रे व तुटपुंजे रंग यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. दोन्ही वाटांवर मूळ प्रश्न सुटून जातो. खेळ खेळाडूकडून नेमके काय मागतो, त्यासाठी त्याला कोणती साधने देतो आणि मागणी व साधने यांचा मेळ कितपत बसतो, हा तो प्रश्न होय. तो तपासण्यासाठी निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या इतिहासात एक दुर्मीळ सोय आपोआप झालेली आहे. १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ प्रसिद्ध झाला आणि ३ जून १९८६ रोजी त्याचा दुसरा भाग तेथेच बाहेर पडला. दोन्ही खेळांची चित्रे बव्हंशी तीच, शत्रू तेच, मारिओची उडीही तीच. बदलली ती मुख्यतः टप्प्यांची, म्हणजे लेव्हलची, मांडणी. तरीही पहिला खेळ जगभर ४ कोटींहून अधिक प्रतींनी विकला गेला आणि दुसरा त्याच्या मूळ रूपात त्या काळी अमेरिकेत विक्रीलाही आला नाही. चित्रे, नियम आणि यंत्र स्थिर ठेवून केवळ मांडणीचा परिणाम पाहता येईल अशी जोडी या क्षेत्रात क्वचितच सापडते.

प्लॅटफॉर्म गेम म्हणजे ज्यात पात्राला कडेने पाहिलेल्या जगात जमिनीवरून, फळ्यांवरून, ठोकळ्यांवरून उड्या मारत पुढे जावे लागते असा खेळ. या प्रकाराला स्थिर रूप देणाऱ्या १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये आणि १९८२ साली अटारी २६०० या यंत्रासाठी डेव्हिड क्रेन यांनी रचलेल्या ‘पिटफॉल’मध्ये उडी ठरीव होती. बटण दाबले की पात्र आखलेल्या कमानीतून जाई आणि कमान पूर्ण होईपर्यंत खेळाडूला फक्त पाहत राहणे भाग असे. म्हणजे या खेळांत निर्णय उडी मारण्याच्या क्षणी संपत असे. ‘सुपर मारिओ’ने तो निर्णय हवेत लांबवला आणि या खेळाचे मोठेपण कोठे आहे असे विचारल्यास पहिले उत्तर येथेच द्यावे लागते.

ज्या यंत्रावर हे घडले ते फॅमिकॉम, जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये आलेले आणि पुढे परदेशी एनईएस या नावाने विकले गेलेले, आजच्या मापाने फारच अशक्त होते. त्याचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके देई, चालू कामासाठीची स्मृती अवघी २ किलोबाइट होती आणि पडद्यावर २५६ गुणिले २४० ठिपके मावत. हलणारी चित्रे स्प्राइट नावाच्या लहान तुकड्यांनी बनत. असे ६४ तुकडे एका वेळी दाखवता येत, पण एका आडव्या रेषेत आठापेक्षा अधिक आले की उरलेले दिसेनासे होत. त्यामुळे जुन्या खेळांत गर्दी झाली की पात्रे लुकलुकतात. मारिओची रुंदी दोन तुकड्यांची, बहुतेक शत्रूंचीही तेवढीच, तेव्हा एका रेषेत चार पात्रे आली की यंत्राची मर्यादा संपे. शत्रूंसाठी स्मृतीत नेहमीच्या पाचच जागा ठेवलेल्या होत्या. शत्रू मोजकेच असल्याने त्यांच्या जागा विचारपूर्वक निवडणे खेळाचे रचनाकार शिगेरु मियामोतो, ताकाशी तेझुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अपरिहार्य होते, आणि त्या अपरिहार्यतेचा खेळाला फायदाच झाला.

आता उडीकडे. पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात आणि मारिओचा वेग फ्रेममागे किती ठिपके या हिशेबाने मोजला जातो. उभ्याने उडी मारली तर तो फ्रेममागे ४ ठिपक्यांच्या वेगाने वर निघतो. भरधाव असताना मारली तर ५ च्या वेगाने. बटण दाबून धरले तर त्याला खाली ओढणारे बळ सौम्य राहते आणि उभी उडी सुमारे चार ठोकळे उंच जाते, धावती उडी पाच. बटण सोडताच ते बळ उभ्या उडीच्या बाबतीत साडेतीन पट होते आणि चढण लवकरच आटोपते. खाली येतानाही हेच जड बळ चालू असते, म्हणून वर जायला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ घेणारा मारिओ खाली मात्र झपाट्याने येतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे धादांत खोटे आहे. खऱ्या जगात फेकलेली वस्तू जशी वर जाते तशीच खाली येते आणि हवेत मन बदलण्याची सवलत कोणालाच नसते. पण या खोटेपणामुळे बोटाने बटणावर दिलेल्या दाबाचा कालावधी आणि उडीची उंची यांत थेट नाते तयार होते आणि काही मिनिटांत ते नाते हाताच्या सवयीत उतरते. आडव्या गतीलाही असाच स्वभाव आहे. मारिओ एकदम वेग घेत नाही, एकदम थांबतही नाही, दिशा बदलताना घसरतो. हवेत त्याला थोडे मागेपुढे करता येते, परंतु चालत मारलेल्या उडीला मध्येच धावण्याचा वेग देता येत नाही. म्हणजे निर्णय हवेत बदलता येतो, पण पूर्णपणे नाही. ही अर्धी मोकळीक फार हुशारीने मोजलेली आहे.

मोकळी उडी म्हणजे चांगली उडी, असा सरसकट निष्कर्ष मात्र यातून काढता येत नाही. कोनामी कंपनीच्या १९८६ च्या ‘कॅसलव्हेनिया’मध्ये उडी पुन्हा ठरीव कमानीची आहे आणि नायक हवेत असहाय असतो. तरीही त्या खेळातील जिने, चाबकाचा उशिरा बसणारा फटका आणि शत्रूंच्या ठराविक चाली त्या ताठर उडीभोवतीच रचलेल्या असल्याने ती तेथे शोभते. मारिओची उडी त्या किल्ल्यात सोडली तर तो खेळ निःसत्त्व होईल. उडीचे मोल तिच्यासाठी रचलेल्या जमिनीवर ठरते, आणि म्हणून मूल्यमापनाचा खरा भाग टप्प्यांच्या मांडणीपासून सुरू होतो.

पहिल्या वर्ल्डचा, म्हणजे टप्प्यांच्या पहिल्या गटाचा, पहिला टप्पा, ज्याला खेळाडू १-१ म्हणतात, यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातील बरेचसे योग्यच आहे. मारिओ डाव्या कडेला उभा, उजवीकडे मोकळी जागा, त्यामुळे जायचे कोठे हे सांगावे लागत नाही. समोरून एकटा गूंबा, म्हणजे मश्रूमसारखा दिसणारा शत्रू, येतो; त्याला टाळायला उडी मारली तर वरच्या ठोकळ्याला डोके लागण्याची शक्यता असते. त्या ठोकळ्यांपैकी एकातून बाहेर पडणारे खरे मश्रूम उजवीकडे सरकते, पाइपला आपटून परत फिरते आणि खेळाडूकडेच येते. आताच गूंबाकडून मार खाल्लेला खेळाडू त्यालाही घाबरून चुकवू पाहतो, पण डोक्यावर ठोकळे असल्याने उडी खुंटते आणि मश्रूम त्याला बहुधा लागतेच. लागले की मारिओ मोठा होतो. नकळत झालेला हा लाभ मियामोतो यांनी हेतुपुरस्सर योजला होता, हे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे.

याहून कमी वेळा उल्लेखली जाणारी, पण मूल्यमापनासाठी अधिक बोलकी जागा त्याच टप्प्याच्या शेवटाकडे आहे. तेथे समोरासमोर दोन जिने आहेत आणि मध्ये फट आहे, पण फटीच्या तळाशी जमीन आहे. पडलेला खेळाडू फक्त परत वर चढतो. थोडे पुढे तीच आकृती पुन्हा येते आणि या वेळी तळ नसतो. पहिल्या फटीने अंतराचा अंदाज फुकट दिला, दुसरीने त्याची किंमत लावली. या क्रमात खेळ आणि खेळाडू यांच्यातला अलिखित करार दिसतो: जे प्राण घेईल ते आधी निरुपद्रवी रूपात दाखवले जाईल, आणि जे दाखवले त्याचा अर्थ पुढे बदलणार नाही. शत्रूंशी होणाऱ्या स्पर्शाचा नियमही याच वृत्तीचा आहे. बहुतेक शत्रूंच्या बाबतीत मारिओ त्या क्षणी खाली येत असेल तर तो स्पर्श चिरडणे म्हणून धरला जातो, जरी चित्रात दोघे जवळजवळ बरोबरीला दिसत असले तरी. शंकेचा फायदा येथे खेळाडूला मिळतो.

हा करार पहिला खेळ शेवटपर्यंत पाळतो काय? पुरता नाही. चौथ्या आणि सातव्या वर्ल्डच्या किल्ल्यांत ठराविक वरच्या-खालच्या वाटा न निवडल्यास तोच पट्टा पुन्हा पुन्हा येत राहतो. चूक कोठे झाली हे सांगणारी कोणतीही खूण, रंग वा आवाज नाही; वेळ संपून मारिओ मरेपर्यंत चाचपडत राहायचे. शिकवण्याची एवढी काटेकोर जाण असलेल्या रचनाकारांनी हे कसे चालवून घेतले याचे आश्चर्य वाटते. एकदा उजवीकडे सरकलेला पडदा डावीकडे परत येत नाही, ही मर्यादा त्या किल्ल्यांत विशेष जाचते. खेळाच्या गुणांकनालाही अर्थ फार नाही. लाखभर गुण मिळवून जादा जीव मिळत नाही. तो शंभर नाण्यांनी, हिरव्या मश्रूमने किंवा शत्रूंना ओळीने लोळवून मिळतो. डाव संपल्यावर पोचलेल्या वर्ल्डपासून पुन्हा सुरू करण्याची सोय होती, पण ती शीर्षकाच्या पडद्यावर ए बटण दाबून धरून स्टार्ट दाबणाऱ्यालाच मिळे, आणि पडद्यावर तसे कोठेच लिहिलेले नव्हते.

मर्यादा सबब म्हणून किती मान्य करावी, याचा कस लागतो तो पुनरावृत्त टप्प्यांपाशी. पूर्ण खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला आहे, ३२ आज्ञा व मांडणीसाठी आणि ८ चित्रांसाठी. ही काटकसर अनेक ठिकाणी कौतुकास्पद ठरते: आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग निराळे. टप्पे ठिपक्यांनी वा चौकटींनी साठवलेले नसून ‘या जागी पाइप’, ‘या जागी विटांची रांग’ अशा दोन-दोन बाइटांच्या सूचनांनी साठवलेले आहेत. परंतु ३२ टप्प्यांपैकी काही सरळ परत आलेले आहेत. ५-३ हा मूळचा १-३ आहे, ६-४ हा १-४, ७-२ हा २-२. वाढीव शत्रू, आगीचे फिरते दांडे, आखूड झालेल्या फळ्या एवढाच फरक. ढग आणि झुडूप यांच्या एकरूपतेने खेळाडूचे काही जात नाही, उलट ती कळल्यावर मजाच वाटते. टप्पे परत आल्याने मात्र आठ वर्ल्डचे आश्वासन पातळ होते. दोन्हींचे कारण एकच असले तरी त्यांना एकाच तराजूत घालता येत नाही. सबब कारण समजावून सांगते. ती गुण देऊ शकत नाही. तरी एवढे म्हणता येते की तीच वाट वाढीव अडचणींसह परत आल्याने खेळाडूला आपली प्रगती मोजता येते, आणि ५-३ मधील आखूड फळ्यांवर ही गोष्ट बरीच पटते, पाण्यातल्या ७-२ मध्ये अजिबात पटत नाही.

दुसरा भाग फॅमिकॉमला जोडायच्या डिस्क सिस्टिमसाठी निघाला. हे उपकरण फेब्रुवारी १९८६ मध्ये आले होते आणि त्याची चकती दोन्ही बाजू मिळून सुमारे ११२ किलोबाइट साठवू शके, म्हणजे जागेची सबब बरीच सैल झाली होती. तेझुका यांच्या दिग्दर्शनाखाली झालेल्या या खेळाच्या वेष्टनावर तो निष्णात खेळाडूंसाठी असल्याचे लिहिलेले होते. त्यातील काही टप्पे पहिल्या खेळाच्या नाणी टाकून खेळायच्या आवृत्तीतून आले. मारिओऐवजी लुइजी निवडल्यास उंच उडी मिळे आणि पाय अधिक घसरत, जे पहिल्या खेळात नव्हते, तेथे दोघा भावांत फक्त कपड्यांच्या रंगाचा फरक होता. पण खरा बदल कराराच्या शब्दांत होता. पहिल्याच टप्प्यात ठोकळ्यातून विषारी मश्रूम निघते आणि स्पर्शाने मारते. पहिल्या खेळात मारिओ पाइपला खेटून वा पाइपवर उभा राहिला की आतले मांसाहारी रोप बाहेर येत नसे, आणि हजारो खेळाडूंनी तो नियम हाताने शिकून घेतला होता. दुसऱ्या भागातील लाल रोपे मारिओ पाइपला खेटून उभा असला तरी बाहेर येतात. पहिल्या खेळातील गुप्त वार्प झोन, म्हणजे काही वर्ल्ड गाळून पुढे नेणारे पाइप, शोधणाऱ्याला बक्षीस देत. येथे तिसऱ्या वर्ल्डमध्ये सापडणारा असाच एक झोन त्याला पहिल्या वर्ल्डमध्ये परत टाकतो. काही स्प्रिंगा मारिओला पडद्याच्या वर एवढ्या उंच फेकतात की तो काही सेकंद दिसतच नाही आणि कोठे उतरेल याचा अंदाज मनातच बांधावा लागतो. काही टप्प्यांत वारा सुटतो. न दिसणारे ठोकळे कधी डोक्याला आपटून दरीत पाडतात, तर कधी तेच एकमेव पायरी असतात.

या यादीकडे पाहून खेळ वाईट ठरवणे सोपे आहे आणि पुष्कळांनी तसे ठरवलेही आहे. तथापि तिच्यात दोन जातींच्या अडचणी मिसळलेल्या आहेत आणि चांगल्या परीक्षकाने त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. उडत्या कासवाच्या पाठीवर पाय देऊन दरी ओलांडायला लावणारी जागा कठीण आहे, पण तिच्यात काहीही लपलेले नाही. शत्रू दिसतो, दरी दिसते, उडीचे गणित खेळाडूला ठाऊक असते. पहिल्या खेळाने शिकवलेली कला येथे तिच्या टोकापर्यंत नेली आहे आणि अशा जागा या भागात थोड्याथोडक्या नाहीत. पडद्याबाहेर फेकणारी स्प्रिंगही, एकदा सवय झाली की, अंदाजाचे एक वेगळेच कौशल्य तयार करते. याउलट मागे नेणारा वार्प झोन आणि दरीवर दडवलेला अदृश्य ठोकळा यांच्यापुढे कौशल्य कामाला येत नाही. एकदा मार खाऊन लक्षात ठेवणे एवढाच उपाय. विषारी मश्रूम या दोहोंच्या मध्ये पडते, कारण त्याचा रंग पाहून ओळखता येते, फक्त पहिली भेट अन्यायाची असते. हा खेळ म्हणजे मूळ ग्रंथ पाठ असलेल्या वाचकासाठी लिहिलेले भाष्य आहे. त्यातील प्रत्येक दगा पहिल्या खेळाच्या एखाद्या वचनाकडे बोट दाखवतो, आणि ते वचन ज्याला ठाऊक नाही त्याला त्यातली खोच कळत नाही, केवळ इजा होते. शिवाय डाव संपल्यावर पुढे चालू ठेवायचा पर्याय या निर्दय समजल्या जाणाऱ्या भागात पडद्यावर उघडपणे दिला आहे, जो दयाळू समजल्या जाणाऱ्या पहिल्या भागात गुप्त होता. कठोरपणाची चर्चा करताना ही गोष्ट सहसा विसरली जाते.

निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेने हा भाग तेथील बाजारासाठी अयोग्य ठरवला. त्याऐवजी १९८७ च्या ‘युमे कोजो: डोकी डोकी पॅनिक’ या जपानी खेळातील पात्रे बदलून १९८८ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ विकला गेला. खरा दुसरा भाग १९९३ मध्ये सुपर निन्टेन्डोवरील ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ या संग्रहातून ‘द लॉस्ट लेव्हल्स’ या नावाने बाहेरच्या जगात पोचला. संग्रहात चित्रे व संगीत नव्याने केले आणि प्रगती साठवण्याची सोय दिली. पण त्याच संग्रहात एक बारीक बदल घुसला. मूळ खेळात वीट फोडल्यावर मारिओ लगेच खाली ढकलला जातो. संग्रहात तो फुटलेल्या विटेतून वर जात राहतो. उडीवर उभ्या असलेल्या खेळात असा बदल चित्रांच्या नूतनीकरणापेक्षा मोठा असतो, आणि केवळ संग्रह खेळून मूळ खेळाविषयी मत देणाऱ्याचे मत तेवढ्यापुरते दुसऱ्याच खेळाविषयी असते.

महाराष्ट्रातील वाचकाला हा मुद्दा आणखी एका कारणाने लागू होतो. १९९० च्या दशकात येथील घरांत मारिओ पोचला तो बहुतांशी फॅमिकॉमच्या नकली यंत्रांतून, हजारो खेळ असल्याचा दावा करणाऱ्या कॅसेटांसह, ज्यात तोच मारिओ वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू करून निराळा खेळ म्हणून मोजलेला असे. भारतातील टीव्ही पॅल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ६० ऐवजी ५० वेळा पडदा रंगवणारे होते. युरोपात विकण्यासाठी निन्टेन्डोने याच फरकामुळे खेळातील वेगाचे आकडे बदलले. नकली यंत्रांवर मात्र सहसा जपानी वा अमेरिकी खेळच जसाच्या तसा चालत असे. पॅल टीव्हीसाठी बनवलेल्या यंत्रावर असा खेळ पाच-षष्ठांश वेगाने पळतो: संगीताचे स्वर जवळपास तेच राहतात, लय संथ होते आणि प्रत्येक उडीला विचार करायला थोडा अधिक वेळ मिळतो. आजच्या सपाट पडद्यांवर, एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रणालीतून खेळताना वेग पूर्ण ६० चा असतो, पण बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांत काही फ्रेमचा विलंब पडू शकतो, जो जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर जवळजवळ नसे. अशा मांडणीवर ८-१ मधील एका ठोकळ्यावरून घेतलेल्या लांब उड्या हुकू लागल्या, तर हात म्हातारे झाले असे मानण्याआधी टीव्हीच्या मेनूतील ‘गेम मोड’ चालू आहे का, हे पाहणे बरे.